निवांत रस्ता आणि उसाआडचे वळण

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : "माझे वय ४४ वर्षे. कराड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत मी शिक्षिका आहे. शाळा घरापासून सात किलोमीटरवर आहे. मोठ्या रस्त्यावरची वाहतूक नको म्हणून दोन वर्षांपासून मळ्यांमधून जाणाऱ्या आतल्या रस्त्याने सायकलवरून ये-जा करते. हा रस्ता इतका निवांत आहे की कधी कधी वाटेत चार गाड्याही भेटत नाहीत. गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर परत येताना उसाच्या वळणावर मागून आलेल्या पिकअपच्या आरशाचा माझ्या हँडलला धक्का बसला आणि मी सायकलसकट उसात पडले. खरचटण्यावर निभावले, पण मनगट अजून दुखते. गाडीवाला थांबला नाही. मी नेहमी अगदी कडेनेच चालवते, तरी असे का झाले? घरचे म्हणतात, सायकल बंद करून स्कूटर घे. निवांत म्हणून निवडलेला रस्ताच जास्त धोक्याचा आहे का?"

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी मनगटाविषयी. पडताना माणूस आपसूक हात टेकवतो आणि सगळा भार तळहातावर येतो. अशा वेळी अंगठ्याच्या बुडाशी असलेले एक लहानसे हाड मोडू शकते आणि ते पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. महिना होत आला तरी दुखणे थांबलेले नसेल, विशेषतः अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर कळ येत असेल, तर मुका मार समजून ते अंगावर काढू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ब्रेकची मूठ पूर्ण आवळता येत नाही तोवर सायकलवर बसूही नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. सायकल सोडू नका, असेच मी पूर्ण विचाराअंती सांगेन. मात्र ज्या सवयीला तुम्ही सावधगिरी समजत आला आहात, ती अगदी कडेने चालवण्याची सवय सोडावी लागेल, कारण तुमच्या पत्रातील वर्णनावरून त्या दिवशी तीच तुम्हाला नडली असे मला वाटते. गर्दीच्या रस्त्यावर चालकाचे डोळे सतत समोर असतात, कारण क्षणोक्षणी कोणीतरी आडवे येणार हे त्याला ठाऊक असते. मळ्यातल्या रस्त्यावर त्याला पाच-पाच मिनिटे कोणीच भेटत नाही, हात सैलावतो, वेग वाढतो, नजर मोबाइलकडे किंवा शेजारच्याशी चाललेल्या बोलण्याकडे जाते आणि पुढच्या वळणाआड एखादी बाई सायकलवर असेल ही शक्यताच त्याच्या मनात नसते. रस्ता निवांत असला की गाड्या कमी भेटतात हे खरे, पण जी गाडी भेटते तिच्या लेखी तुम्ही अनपेक्षित असता.

तो धक्का कसा बसला असेल, याचा हिशेब मांडून पाहू. ग्रामीण रस्त्याची डांबरी पट्टी बहुधा पावणेचार मीटर रुंद असते आणि काही ठिकाणी तीनच मीटर. पिकअप आरशांसह साधारण दोन मीटर जागा घेते. रिकाम्या रस्त्यावर चालक गाडी मधोमध चालवतो, म्हणजे पावणेचार मीटरच्या पट्टीतही डाव्या आरशापासून रस्त्याच्या डाव्या कडेपर्यंत उरते जेमतेम पाऊण-एक मीटर. तुमचे चाक कडेपासून फूटभर आत असेल, तर हँडलचे उजवे टोक कडेपासून सुमारे साठ सेंटीमीटरवर येते. दोहोंमध्ये राहिली वीतभर जागा. तुम्ही कडेला होता म्हणूनच चालकाला वाटले की गाडी तशीच पुढे काढता येईल, वेग कमी करण्याची किंवा उजवीकडे सरकण्याची गरज नाही. एखादा खड्डा चुकवायला तुम्ही चार बोटे उजवीकडे झालात की ती वीतही संपते.

म्हणून अशा अरुंद रस्त्यावर, मागे कोणी नसताना, सायकल कडेपासून किमान एक मीटर आत ठेवा. त्यामुळे मागून येणाऱ्याला तुम्ही लांबून दिसता आणि गाडी तशीच काढणे शक्य नाही हे त्याला वेळेत कळते, त्यामुळे त्याला वेग कमी करावाच लागतो. तो मागे हळू झाला की वाट कुठे द्यायची ते तुम्ही ठरवायचे. पुढे साइडपट्टी सपाट आणि मोकळी दिसली की डावा हात खाली ताठ करून बोटाने ती जागा दाखवा, तिथे बाजूला व्हा, गाडीला पुढे जाऊ द्या आणि मग पुन्हा आपल्या जागी या. उलट, मागचा वेग कमी करत नाही असे आवाजावरून किंवा आरशात दिसल्यावरून वाटले, तर हक्काचा विचार न करता ताबडतोब रस्ता सोडा. हे सगळे जमण्यासाठी हँडलच्या उजव्या टोकाला एक लहान गोल आरसा बसवून घ्या. शेतातल्या रस्त्यावर कानांवर भरवसा ठेवता येत नाही. समोरून वारा असला की मागचे इंजिन ऐकू येत नाही आणि उभ्या उसाच्या पाल्याची सळसळ आवाज झाकून टाकते.

रस्ता सोडण्याबद्दलही थोडे तपशिलात सांगतो, कारण गावरस्त्यावर पुष्कळ जण गाडीच्या धक्क्याने नव्हे, तर गाडीला वाट देताना पडतात. डांबर आणि साइडपट्टी यांच्यात अनेक ठिकाणी तीन-चार बोटांची पायरी असते, कारण डांबराचे थर चढत जातात आणि मुरूम पावसाने वाहून जातो. त्या पायरीवरून सायकल हळूहळू तिरकी खाली उतरवली, की पुढचे चाक डांबराच्या काठाला घासत राहते, हँडल वळत नाही आणि आपण उजवीकडे, म्हणजे नेमके गाडीच्या बाजूला कोलमडतो. वर चढतानाही हेच होते. त्यामुळे आधी वेग उतरवा, मग चाक शक्य तितके काटकोनात वळवून पायरी ओलांडा, आणि जागा तेवढी नसेल तर सरळ पाय टेकून थांबा व सायकल हाताने बाजूला घ्या.

उसाआडच्या वळणाचा विचार स्वतंत्रपणे करायला हवा. आडसाली, म्हणजे सुमारे दीड वर्ष शेतात उभा राहणारा ऊस दहा-बारा फूट उंच होतो आणि तो अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत लावलेला असेल, तर ते वळण आंधळेच म्हणायचे. रस्ता डावीकडे वळत असताना तुम्ही डाव्या कडेला चिकटून राहिलात, तर मागच्या चालकाच्या आणि तुमच्या मध्ये उसाची भिंत येते आणि तो तुमच्या अगदी जवळ आल्यावरच तुम्ही त्याला दिसता. समोरून येणारी दुचाकीही हेच वळण आतून कापते आणि थेट तुमच्या बाजूला येते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदाला १६ ते १७ मीटर पुढे येते, तुम्ही ताशी १५ च्या वेगाने चार मीटर पुढे जाता, म्हणजे अंतर दर सेकंदाला साडेबारा मीटरने तुटते. तुम्ही त्याला ३० मीटरवर दिसलात तर त्याच्या हाती अडीच सेकंदही राहत नाहीत, आणि त्यातला सेकंद-दीड सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जातो. ६० मीटरवर दिसलात, तर जवळजवळ पाच सेकंद मिळतात. म्हणून डाव्या वळणावर शिरण्याच्या पुरेसे आधी मागे पाहून, मागे कोणी नसेल तरच, रस्त्याच्या मध्याकडे थोडे सरका, घंटी वाजवा, वेग कमी करा आणि वळण उघडले की पुन्हा डावीकडे या. मागून गाडी येत असल्याचे वळणाआधीच कळले, तर वळणात तिच्यासोबत शिरू नका. अलीकडेच बाजूला थांबून तिला जाऊ द्या. त्यात वीस सेकंद जातील.

तोड झाली की तेच वळण एका दिवसात मोकळे होते आणि त्याच वेळी दुसरा धोका सुरू होतो. तुमच्या तालुक्यात यशवंतनगरचा सह्याद्री आणि रेठरे बुद्रुकचा कृष्णा असे दोन मोठे कारखाने आहेत. गळीत हंगामाच्या चार-पाच महिन्यांत कारखान्याकडे जाणारा रस्ता दिवसरात्र वाहता असतो आणि फडातून निघालेला ऊस आधी तुमच्या निवांत रस्त्यावरच येतो. ट्रॅक्टर मागून येऊन पुढे गेला की सायकलस्वार सुटकेचा श्वास टाकून पुन्हा रस्त्यात येतो, ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. ट्रॅक्टरमागे एक नव्हे, दोन ट्रॉल्या असतात, दुसरी पहिलीपेक्षा जास्त झोलते आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेली वाढ्यांची (उसाच्या शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याची) टोके माणसाच्या खांद्याच्या उंचीवर असतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्याने लागलेली असतात, तेव्हा तुमची घंटी चालकापर्यंत पोहोचेल असे समजू नका. ट्रॅक्टर येताना दिसला की सायकलवरून उतरून साइडपट्टीवर उभे राहावे आणि दुसरी ट्रॉली पूर्ण गेल्यावर, तिच्यामागे कंटाळून पुढे यायला निघालेली मोटारसायकल नाही ना हे पाहूनच पुन्हा निघावे. ओल्या शेतातून निघालेल्या चाकांचा चिखल, सांडलेला पाला आणि रस्त्यावर पडून चिरडलेली उसाची कांडी यांवरून वळताना ब्रेक मारू नका; वेग आधीच कमी करून सायकल सरळ ठेवून पार व्हा. सोयाबीन किंवा ज्वारी मळणीसाठी रस्त्यावर पसरलेली असेल तिथेही हेच करावे. सोयाबीनच्या दाण्यांवर चाक घसरते तेव्हा सावरायला वेळच मिळत नाही, त्यामुळे उतरून चालत जाणे उत्तम.

एक गोष्ट मी स्वतः अनुभवली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी तासगावकडून येताना मी अंधारात अडकलो. माझ्याकडे पुढचा दिवा होता, पण मिणमिणता. रस्त्यावर बिघडलेली ट्रॉली उभी असली की तिच्या चाकांना आणि मागच्या बाजूला मोठे दगड लावतात, हे तुम्ही पाहिले असेलच. त्या दिवशी ट्रॉली दुरुस्त होऊन केव्हाच निघून गेली होती आणि दगड तसेच रस्त्यात राहिले होते. पुढचे चाक त्यावर गेले, रिम वाकली, चाक आउट झाले आणि मी गुडघ्यावर आपटलो. पाठोपाठ एखादे वाहन असते तर हे उत्तर लिहायला मी राहिलो असतो की नाही, कोण जाणे. तेव्हापासून मी दोन गोष्टी कसोशीने पाळतो. रस्त्यात झाडाची ताजी फांदी टाकलेली दिसली, की पुढे बिघडलेले वाहन आहे असे समजून वेग उतरवतो. आणि रस्त्यात राहिलेला दगड दिसला, की दिवस असो वा रात्र, थांबून तो बाजूला करून पुढे जातो. तुमच्या विद्यार्थ्यांनाही ही सवय लावा, अशी माझी विनंती आहे.

वेळेबाबत मी थोडा कडक सल्ला देणार आहे. हंगाम सुरू असताना दिवेलागणीनंतर या रस्त्याने सायकल चालवू नका. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने आणि परिवहन विभाग ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, परंतु ते धुळीने माखतात किंवा ओसंडणाऱ्या उसाखाली झाकले जातात. बैठकीमुळे उशीर झाला, तर सायकल शाळेत ठेवून एसटीने किंवा सहकाऱ्याच्या गाडीवरून घरी या. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा जानेवारीत सूर्योदय सातच्या सुमारास होतो आणि कृष्णाकाठी धुकेही दाट असते. त्या दिवशी मागचा लाल दिवा चालू असलाच पाहिजे. तो दिवसाउजेडीही लुकलुकता ठेवला तर अधिक चांगले. उगवत्या-मावळत्या सूर्याकडे तोंड करून जाताना तुमचे डोळे दिपत असतील, तर मागून येणाऱ्या चालकाचेही दिपत असतात आणि त्याला तुम्ही दिसत नाही. आपली सावली आपल्या मागे लांब पडली आहे, हीच त्याची खूण. शाळेतून परतताना तुम्ही पश्चिमेकडे येत असाल, तर दहा मिनिटे आधी किंवा उशिरा निघण्याने पुष्कळ फरक पडतो.

तुम्ही पत्रात डब्याची पिशवी हँडलला अडकवल्याचा ओझरता उल्लेख केला आहे. ती आजपासून कॅरिअरवर, रबरी पट्ट्याने घट्ट बांधून न्या. हँडलला अडकवलेली पिशवी झोके घेते, वळताना गुडघ्याला लागते आणि तिचा बंद पुढच्या चाकात जाऊ शकतो. आरशाचा धक्का लागल्यावर हँडल सावरता आले नाही, यात त्या पिशवीचाही हात असू शकेल. साडीचा पदर किंवा ओढणी खोचून, पिन लावून घ्या; मागच्या चाकाला जाळी आणि साखळीला चेनकव्हर असू द्या. सायकलवाल्याकडे नेऊन धक्क्यानंतर हँडल सरळ आहे का, पुढचे चाक धरणारा चिमटा वाकला आहे का, चाक आउट आहे का हे तपासून घ्या आणि ब्रेकची रबरे झिजली असतील तर बदला. पावसात रिमवर पाणी असताना ब्रेक लागायला वेळ लागतो, तेव्हा आधी हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी आणि मग दोन्ही ब्रेक एकदम आवळावेत. हेल्मेट सायकलला कायद्याने सक्तीचे नाही, तरी घाला. ते कपाळावर भुवयांच्या दोन बोटे वर बसले पाहिजे आणि हनुवटीचा पट्टा लावलेला असलाच पाहिजे. कपडे गडद हिरवे किंवा तपकिरी असतील, तर वरून पिवळे किंवा नारिंगी जाकीट चढवा, कारण उसाच्या पार्श्वभूमीवर हे दोन रंग लगेच उठून दिसतात.

वस्तीवरची कुत्री मागे लागली तर जोरात पळवण्याचा प्रयत्न करू नका आणि लाथही मारू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, दरडावून बोला, चालत पुढे व्हा; बहुतेक कुत्री हद्द संपली की थांबतात. चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा.

एकट्या बाईने निर्मनुष्य रस्त्याने जाण्याची काळजी तुमच्या पत्रात थेट आलेली नाही, पण घरच्यांच्या बोलण्यामागे ती असणार आणि ती रास्त आहे. निघताना आणि पोहोचल्यावर घरी एक निरोप टाकण्याची पद्धत ठेवा, ११२ हा क्रमांक फोनमध्ये लगेच लागेल असा ठेवा आणि पंक्चर काढण्याचे साहित्य व पंप जवळ बाळगा, कारण बाभळीच्या एका काट्यामुळे आडरानात तासभर अडकून पडावे लागू शकते. वाटेवरच्या दोन-तीन वस्त्यांवर थांबून ओळख करून घ्या. त्यांच्यातली मुले कदाचित तुमच्याच शाळेत असतील. बाई रोज कोणत्या वेळी जातात हे रस्त्यावरच्या लोकांना माहीत असणे, याइतकी चांगली सोबत मला तरी दुसरी ठाऊक नाही.

रस्त्याबद्दलही बोलायला हवे, कारण सगळा भार सायकलस्वारानेच का उचलावा? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग यांची देखभाल जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असते. वळणावर रस्त्याच्या हद्दीत वाढलेली झुडपे काढणे, साइडपट्टी मुरूम टाकून डांबराच्या पातळीला आणणे आणि वळणावर बहिर्वक्र आरसा लावणे, या तीन मागण्या ग्रामसभेत लेखी मांडा आणि त्यांची नोंद इतिवृत्तात झाली का ते पाहा. शिक्षिकेच्या शब्दाला गावात वजन असते. वळणालगतच्या शेतकऱ्यांशीही बोला; पुढच्या लागणीत कडेच्या चार सऱ्या मोकळ्या ठेवण्याची विनंती कदाचित मान्य होणार नाही, पण विचारायला हरकत नाही. अपघातानंतर थांबून जखमीला मदत करणे हे मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. गाडीचा क्रमांक किंवा खूण कोणी पाहिली असेल तर पोलिसांत नोंद करायला संकोच करू नका.

राहिला स्कूटरचा प्रश्न. घरच्यांची भीती खरी आहे आणि तिला 'काही होत नाही' हे उत्तर पुरेसे नाही. पण स्कूटर घेतली तरी वळण तेच, ऊस तोच आणि पिकअप तीच राहणार, फक्त तुमचा वेग दुप्पट-तिप्पट होईल. म्हणून वाद घालण्याऐवजी येत्या रविवारी सकाळी यजमानांना किंवा मुलांना त्या वळणावर घेऊन जा. रस्त्यावर नजर ठेवायला एक जण उभा करा. सायकल वळणात, तुम्ही नेहमी चालवता तशी कडेपासून फूटभर अंतरावर उभी धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी मोटारसायकलवर बसल्याइतक्या उंचीवरून, रस्त्याच्या मधोमध पाहत, सायकल दिसेनाशी होईपर्यंत मागे चालत जायला सांगा. किती पावले झाली ते मोजा. मग सायकल मीटरभर आत घेऊन पुन्हा मोजा. दोन्ही आकडे मला कळवा आणि घरच्यांनाही ते स्वतः मोजू द्या.